गांजाचं दुकान कायदेशीर आहे, मग गल्ला बँकेत का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते. दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईबाबा इथे कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला येतात, रस्त्याकडेला हिरवा क्रॉस लावलेली दुकानं बघतात, आणि मी क्रेडिट युनियनमध्ये (म्हणजे सभासदांच्या मालकीची पतसंस्थाच) 'त्या' खात्यांचं काम बघते हे कळलं की दोन प्रश्न हमखास येतात. एक, इथे गांजा कायदेशीर आहे ना, मग दुकानात क्रेडिट कार्ड का चालत नाही? आणि दुसरा जरा आवाज खाली आणून, अगं मग त्यांचे पैसे तुम्ही ठेवून घेता म्हणजे काळ्याचे पांढरे करता का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या चष्म्यातून बघितलं तर हो, तसंच म्हणता येतं. आणि तरी माझ्या टेबलावर येणारी सगळ्यात स्वच्छ खाती हीच आहेत.

आता हे असं का ते बघा. 1970 च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीत, पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या यादीत बसवलं. कोलोरॅडोच्या लोकांनी नोव्हेंबर 2012 मध्ये मतदान करून राज्यापुरता तो खुला केला आणि 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली. राज्य लायसन्स देतं, तपासणी करतं, 15 टक्के खास विक्रीकर घेतं, पण वॉशिंग्टनमधला कायदा जागचा हलला नाही. म्हणजे समजा आपल्या उत्पादन शुल्क खात्याने वाइन शॉपला लायसन्स दिलंय, दुकानदार कर भरतोय, सगळं रीतसर आहे, पण संसदेने दारूविक्री देशभर गुन्हा ठरवलीये आणि या पैशाला हात लावणारी बँकही गुन्ह्यात सामील धरली जाईल असा कायदा आहे, तर दुकानदार लायसन्स फ्रेम करून भिंतीला लावेल हो, पण संध्याकाळचा गल्ला कुठे नेईल?

लोक म्हणतात, मग राज्याने स्वतःची बँक काढावी की. काढायला गेले होते! मला तर या सगळ्या भानगडीत हीच गोष्ट सगळ्यात आवडते. 2014 मध्ये कोलोरॅडोच्या विधिमंडळाने खास गांजा व्यवसायासाठी सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, त्यात एक अट घातली की फेडरल रिझर्व्हची (म्हणजे इथली मध्यवर्ती बँक, आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी) मान्यता मिळवा, आणि त्या कायद्याखाली एकही संस्था उभी राहिली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोर्थ कॉर्नर क्रेडिट युनियन नावाच्या संस्थेला राज्याने रीतसर सनद दिली, ती मात्र नेहमीच्या क्रेडिट युनियनच्या कायद्याखाली. पण नुसत्या सनदेने बँक चालत नाही, फेडरल रिझर्व्हकडे 'मास्टर अकाउंट' लागतं, ते नसेल तर चेक वटणार नाही, पगार ट्रान्सफर होणार नाही, तुम्ही फक्त एक मोठी तिजोरी आणि समोर काउंटर. कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये अर्ज फेटाळला, संस्था कोर्टात गेली. जानेवारी 2016 मध्ये जज म्हणाले की केंद्रीय कायद्याने जो गुन्हा आहे तो सोपा करून द्यायला कोर्टाचा अधिकार वापरता येणार नाही. अपील झालं, 2017 मध्ये तीन न्यायाधीशांनी तीन वेगवेगळी निकालपत्रं लिहिली (वाचायला घेतली तर डोकं धरून बसाल), आणि शेवटी 2018 मध्ये मास्टर अकाउंटला सशर्त होकार मिळाला, अट काय तर गांजा पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना खाती द्यायची नाहीत. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, तेच वगळून!

कॅलिफोर्नियाने तर सरकारी बँक काढायचा अभ्यासच करवून घेतला होता. 2018 च्या शेवटी अहवाल आला की खर्च अफाट, वर्षं लागतील, आणि इतकं करून केंद्राची अडचण तिथेच. राज्य काहीही करू दे, पैसा ज्या पाइपातून वाहतो तो पाइप राज्याचा नाहीये.

मग आम्ही कसं करतो? फेब्रुवारी 2014 मध्ये अर्थखात्याची जी शाखा अशा पैशावर नजर ठेवते, फिनसेन, तिने बँकांना एक मार्गदर्शक पत्र काढलं. मतितार्थ असा की खाती उघडायची तर उघडा, पण प्रत्येक खात्यावर संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट भरा. एरवी हा रिपोर्ट आम्ही कोणाचा खरंच संशय आला तर भरतो. इथे त्याचे तीन प्रकार केले. सगळं ठीक दिसतंय तरी भरायचा तो 'लिमिटेड', काहीतरी गडबड वाटतेय तो 'प्रायॉरिटी', आणि खातंच बंद केलं तर 'टर्मिनेशन'. पहिला प्रकार परत परत वाचा. ज्याच्याबद्दल संशय नाही त्याच्याबद्दलचा संशयाचा रिपोर्ट, आणि तो एकदा भरून सुटका नाही, दर काही महिन्यांनी पुन्हा. (एखाद्या ठरावीक खात्यावर रिपोर्ट भरला की नाही हे सांगणं गुन्हा आहे, त्यामुळे मी फक्त नियमात छापलंय तेवढंच सांगतेय, उगाच खोदून विचारू नका.)

अजून गंमत म्हणजे हे पत्र ज्या मेमोवर उभं आहे तो न्याय खात्याचा 2013 चा कोल मेमो. त्यात आठ गोष्टी होत्या, अल्पवयीन मुलांना माल जाऊ नये, टोळ्यांकडे पैसा जाऊ नये, दुसऱ्या राज्यात माल जाऊ नये वगैरे, त्या पाळल्या जात असतील तर कारवाईला आमचं प्राधान्य नाही असं केंद्र म्हणालं होतं. जानेवारी 2018 मध्ये न्याय खात्याचे तेव्हाचे प्रमुख, ॲटर्नी जनरल सेशन्स यांनी तो मेमो रद्द करून टाकला. फिनसेनचं पत्र मात्र रद्द झालं नाही. म्हणजे आम्ही ज्या निकषांवर टिकमार्क करतो ते निकष ज्या कागदात होते तो कागद आता अस्तित्वात नाही, आणि काम बिनबोभाट चालू आहे.

माझं रोजचं काम म्हणाल तर जुळवाजुळव. कोलोरॅडोत प्रत्येक झाडाला टॅग असतो, झाड कापलं, वाळवलं, दुकानात गेलं, विकलं, सगळी नोंद मेट्रक नावाच्या राज्याच्या सिस्टिममध्ये होते. दुकानदार आम्हाला तो रिपोर्ट देतो, मी तो डिपॉझिटला लावून बघते. मेट्रकमध्ये महिन्याची विक्री जास्त आणि जमा कमी, तर बाकीचे गेले कुठे? बऱ्याचदा उत्तर साधं असतं, पुरवठादाराचं कुठेच खातं नाही म्हणून त्याला रोख दिले. उलटं झालं, म्हणजे विक्रीपेक्षा जमा जास्त, तर मात्र मी खुर्चीत सरळ होऊन बसते, कारण मग दुसऱ्या कोणाचे तरी पैसे या गल्ल्यातून आत येतायत. शिवाय मालकांची पार्श्वभूमी, त्यांना भांडवल कोणी दिलं, तो देणारा कोण, त्याच्याकडे कुठून आले, दुकानाला प्रत्यक्ष भेट, कॅमेरे, तिजोरी, लायसन्स कधी संपतंय. आणि दहा हजार डॉलरच्या वर रोख आली की त्याचा वेगळा फॉर्म, तो तर सगळ्यांनाच आहे, पण यांना जवळजवळ प्रत्येक वेळी. नोटांना वास येतो तो वेगळाच, मोजणीच्या खोलीत गेलं की कळतं आज कोणाचं डिपॉझिट आलंय.

आता सांगा, कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटने महिन्यात किती बिर्याणी विकली हे मला कोण टॅग लावून सांगणार आहे? तिथे मालक म्हणेल ते खरं. म्हणून म्हटलं की स्वच्छ खाती हीच. ही स्वच्छता दुकानदार स्वतःच्या खिशातून विकत घेतो, कारण आमच्यासारख्या माणसांचे पगार त्याच्या फीमधूनच निघतात, महिन्याला शेकडो डॉलर, मोठं दुकान असेल तर हजारांत. मला वाईट वाटतं ते छोट्या दुकानदाराचं. मोठी कंपनी चार वकील ठेवते आणि फी भरते, एकट्या माणसाला ती परवडत नाही आणि तो रोखीतच अडकतो, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायला हवी असं सरकारला वाटतं तोच नजरेबाहेर राहतो. मला विचाराल तर या नियमात एवढी एक गोष्ट साफ चुकलीये.

रोखीत अडकणं म्हणजे काय हे आपल्याला नोटबंदी बघूनही नीट कळणार नाही. पगार पाकिटात, भाडं पाकिटात, राज्याचा कर भरायला नोटांच्या पिशव्या घेऊन सरकारी ऑफिसात, आणि गंमत बघा, सरकार त्या मोजून घेतं. केंद्राचं आयकर खातं तर वर दंड लावत होतं, पगारावरचा कर इलेक्ट्रॉनिक न भरता रोखीने भरला म्हणून 10 टक्के! अरे बाबा, खातं उघडू देत नाहीत म्हणून तर रोख आणलीये. डेन्व्हरच्या एका दुकानाने दाद मागितली तेव्हा त्यांनी माघार घेतली. करावरून आठवलं, 1982 पासून एक कलम आहे, 280 ई, त्यामुळे या दुकानांना भाडं, पगार, वीज असले खर्च वजा करताच येत नाहीत, फक्त मालाची किंमत वजा होते. ते आलं कुठून, तर एका ड्रग विकणाऱ्याला 1981 मध्ये टॅक्स कोर्टाने धंद्याचे खर्च वजा करू दिले म्हणून संसद भडकली. तो विषय वेगळा, त्यावर लिहायला बसले तर रात्र जाईल.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नाहीये. जून 2016 मध्ये इथे शेजारच्या ऑरोरात एका दुकानावर दरोडा पडला, 24 वर्षांचा सुरक्षारक्षक गोळी लागून गेला, मरीन्समधून आलेला मुलगा. दुकानात रोख असते हे सगळ्या गावाला माहीत असतं. आणि रोख गाडीतून बँकेकडे निघाली तरी सुखरूप पोचेल असं नाही. मे 2021 मध्ये मिसुरीतल्या लायसन्सवाल्या दुकानांचे सुमारे 1 लाख 65 हजार डॉलर घेऊन कोलोरॅडोतल्या एका क्रेडिट युनियनकडे निघालेली, रोख पोचवणाऱ्या एका कंपनीची गाडी कॅन्ससमध्ये शेरिफच्या माणसांनी अडवली आणि पैसे जप्त केले. मिसुरीत कायदेशीर, कोलोरॅडोत कायदेशीर, मधल्या कॅन्ससमध्ये नाही. त्याच कंपनीच्या गाड्या पुढे कॅलिफोर्नियातही अडवल्या, तिथे दहा लाख डॉलरहून जास्त नेले आणि 2022 मध्ये परत द्यावे लागले. आमच्या ऑफिसात तेव्हा सगळे नकाशा उघडून बसले होते.

कार्डाचं राहिलंच. व्हिसा, मास्टरकार्ड देशभराच्या कंपन्या, त्या केंद्राचा कायदा बघतात, विषय संपला. मग दुकानदारांनी शक्कल काढली, काउंटरवरचं मशीन बँकेला सांगतं की हे एटीएम आहे. तुम्ही 43 डॉलरचा माल घेतलात, मशीन 50 'काढल्याचं' दाखवतं, वरचे 7 डॉलर तुम्हाला हातात. डिसेंबर 2021 मध्ये व्हिसाने यावर ताकीद दिली, जुलै 2023 मध्ये मास्टरकार्डने डेबिट बंद करायला सांगितलं. खात्यातून थेट पैसे नेणारी ॲप आहेत काही, पण त्यासाठी दुकानाचं कुठेतरी खातं हवं, म्हणजे परत माझं टेबल.

संसद काही करत नाही का? करते, अर्धं. बँकांना संरक्षण देणारं सेफ बँकिंग विधेयक सप्टेंबर 2019 मध्ये खालच्या सभागृहात 321 विरुद्ध 103 मतांनी पास झालं, नंतरही वेगवेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा पास झालं, आणि सेनेटमध्ये अडलं. सप्टेंबर 2023 मध्ये सेनेटच्या समितीने 14 विरुद्ध 9 ने मंजूर करून पुढे पाठवलं तेव्हा आमच्याकडे कोणीतरी केक आणला होता. केक संपला.

आणि नुसत्या एका देशाने कायदा बदलून भागतं असंही नाही बरं का. उरुग्वेने 2013 मध्ये अख्ख्या देशात गांजा कायदेशीर केला, जुलै 2017 पासून औषधांच्या दुकानात सरकारमान्य विक्री सुरू झाली, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या बँकांनी त्या दुकानदारांना सांगितलं की हे विकायचं तर खातं बंद. का, तर या बँकांचे डॉलरचे व्यवहार अमेरिकन बँकांतून जातात आणि त्या अमेरिकन कायद्याला बांधलेल्या. काही दुकानदारांनी विक्रीच सोडून दिली.

शेवटी एक प्रश्न जो आईबाबा नाही, त्यांची मुलं विचारतात, पार्किंगमध्ये वगैरे गाठून: ताई, या धंद्यात अकाउंटंटची नोकरी मिळतेय, पगार चांगला आहे, घेऊ का? किंवा मित्राच्या दुकानात थोडे पैसे टाकू का? मी आधी विचारते, सिटिझन आहेस का? कारण नागरिकत्व देणाऱ्या खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाच्या धंद्यातली नोकरी 'चांगलं चारित्र्य' या अटीच्या आड येऊ शकते. ग्रीन कार्डवर वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून शेवटच्या फॉर्मला अडकायचं? मी स्वतः शपथ घेऊन नागरिक झाल्यावरच या विभागात बदली मागितली, तोपर्यंत घरकर्जाच्या फायली बघत होते. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर ऑफर लेटरवर सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा, मला नको, मी फक्त डिपॉझिट मोजते.