वाटेत लागते ती वाई नव्हे

पुणेकरांना वाई माहीत असते ती खिडकीतून. पाचगणी-महाबळेश्वरला जाताना गाव लागतं, कुणीतरी म्हणतं ढोल्या गणपती करून घेऊ, अर्धा तास थांबायचं, नारळ फोडायचा आणि पसरणी घाट चढायला लागायचं. गेल्या मे महिन्यात आम्हीही तेच केलं. दुपारी साडेबारा वाजता. चपला काढल्या आणि नदीच्या घाटाच्या दगडावर पाय टेकवताच आईने माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं उमटली. लेक तर नाचतच देवळात शिरली. दर्शन पाच मिनिटांत आटोपलं, नदी डोळे बारीक करून पाहिली, आणि गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "वाई पाहिली असं कुणाला सांगू नकोस हो."

ते बोलणं लागलं होतं. म्हणून नोव्हेंबरात परत गेलो, फक्त वाईसाठी, एक अख्खा दिवस काढून. आई (वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे), चौथीतली लेक आणि मी. या वेळी दिवस जमला. तो कशामुळे जमला ते सांगतो.

गोष्ट साधी आहे. वाईत घुसायचंच नाही, आधी पुढे जायचं. कृष्णा महाबळेश्वराहून उतरते, धोमला धरणात अडते, तिथून मेणवलीवरून वाईत येते. आपणही तसंच यायचं. सकाळी सर्वांत वरचं धोम, मग मेणवली, मग वाई. लांबचं ठिकाण उजाडताना उरकतं, गावात शिरेपर्यंत देवळांची गार सावली हवीशी झालेली असते आणि संध्याकाळ घाटावर पडते. उलट केलंत तर दुपारच्या उन्हात मेणवलीच्या पायऱ्या उतराव्या लागतील. आईच्या गुडघ्यांच्या वतीने सांगतो, नको.

पुण्याहून वाई साधारण ८५ ते ९० किलोमीटर. आम्ही पावणेसहाला निघालो. इतकं लवकर निघायचं कारण खंबाटकी घाट. सुट्टीच्या दिवशी आठनंतर तिथे मालट्रका चढावर टेकीला येतात आणि त्यांच्यामागे सगळं पुणं उभं राहतं. घाट उतरला की काही वेळात सुरूर फाटा, तिथे महामार्ग सोडून उजवीकडे. हा फाटा बोलण्याच्या नादात हुकतो. माझा एकदा हुकलाय आणि पुढे बरंच जाऊन वळून यावं लागलंय. चहा आणि स्वच्छतागृह हे दोन्ही कार्यक्रम महामार्गावरच उरका. देवळांच्या आसपास दुसऱ्या गोष्टीची सोय शोधत फिरणं म्हाताऱ्या माणसांना फार अवघड जातं.

गाडी नसेल तरी अडत नाही. स्वारगेटहून वाईला एसटी आहेत, शिवाय पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्या वाईवरूनच जातात. स्टँडपासून गणपती चालत जाण्याजोगा आहे. मेणवली-धोमसाठी मात्र स्टँडवर रिक्षा ठरवावी, आणि जाण्यायेण्याची, थांबण्यासकट ठरवावी. तिकडून परत येताना रिक्षा मिळेलच या भरवशावर राहू नका. रेल्वेचा विचार करू नका. जवळचं स्टेशन वाठार, आणि तिथून पुन्हा वाहन शोधणं आलंच.

धोम वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. बहुतेक लोक धरणाची भिंत बघून वळतात. गावातल्या देवळाकडे फारसं कुणी फिरकत नाही, आणि तेच बरं. धौम्य ऋषींवरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. इथे नृसिंहाचं देऊळ आहे आणि महादेवाचं आहे, पण लेकीने सगळ्यांना सोडून धरलं ते नंदीला. कमळाच्या आकाराचा दगडी हौद, त्यात एक मोठं दगडी कासव आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप. हौदात पाणी भरलं की कासव तरंगतंय असं वाटावं, ही करणाऱ्याची गंमत. आम्ही गेलो तेव्हा तळाशी वीतभर पाणी होतं. लेक हौदाच्या कडेला ओणवी होऊन कासवाचे पाय मोजत होती. मग म्हणाली, "बाबा, हे पोहत नाहीये, हे नंदीला घेऊन चाललंय." आम्ही सोडून आवारात फक्त झाडणारी एक बाई होती. पाऊण तास पुरतो, आम्ही सव्वा घालवला.

मेणवली वाईच्या अलीकडे तीन किलोमीटरवर. इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्याच्या मागे नदीवर घाट. वाडा खासगी मालकीचा आहे आणि त्याचा थोडाच भाग पाहायला मिळतो, हे धरून चला. एकामागे एक चौक, जाड भिंती, जुनं लाकूड, काही भिंतींवर रंगीत चित्रं. चित्रांवर मोबाइलचा फ्लॅश मारू नका आणि भिंतीला टेकून फोटो काढू नका. रंग आधीच पोपडे धरतोय. शाळेच्या पुस्तकात पानिपतातून वाचून आलेला आणि पेशवाईचा शेवटचा शहाणा कारभारी म्हणून भेटणारा माणूस इथे नदीकाठी घर बांधून राहत होता, हे चौकात उभं राहिल्यावर जरा वेगळं वाटतं.

पण खरा ऐवज खाली आहे. घाट चंद्रकोरीसारखा वळत नदीत उतरतो, काठावर मेणवलेश्वराचं देऊळ आहे आणि शेजारच्या लहानशा घुमटीत एक घंटा टांगलेली आहे. ती नीट पाहा, बहुतेक जण वाजवून निघून जातात. घंटेवर कडेवर बाळ घेतलेल्या बाईची आकृती उठवलेली आहे आणि १७०७ हा आकडा. ती मेरी आणि बाळ येशू. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळादेवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरची त्यातलीच आणि ही त्यातली. आईने आकृतीवरून बोट फिरवलं, नमस्कार केला आणि म्हणाली, "आई आहे ना, मग झालं." पुढचं इतिहासाचं व्याख्यान मी गिळलं.

पायऱ्यांबद्दल. मेणवलीच्या पायऱ्या उंच आहेत, कठडा नाही आणि खालच्या टप्प्यावर शेवाळ असतं. गुडघेदुखीवाल्यांनी घंटेच्या पातळीवर थांबावं, तिथून सगळं दिसतं. काठी घेऊन या. पावसाळ्यात धोमचं पाणी सोडलं की नदी एकदम चढते, तेव्हा खालच्या पायऱ्यांकडे जाऊच नका. आणि एक सूचना, इथे सिनेमाची चित्रीकरणं वारंवार होतात. कधी अख्खा घाट दिव्यांनी आणि दोऱ्यांनी भरलेला मिळेल. तसं झालं तर भांडत बसू नका, थेट वाई गाठा.

वाईत शिरताना मी माती खाल्ली. मोबाइलच्या नकाशाने जवळचा रस्ता म्हणून एका आळीत घातलं. दोन्ही बाजूंनी ओटे, पुढे आळी निमुळती होत गेलेली, आणि समोर एकदम उजेड. ओट्यावर पेपर वाचत बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "मागं घ्या, मागं. हितनं रस्ता न्हाय, नदी हाय." पेपर घडी करून उठले आणि हाताने खुणा करत त्यांनीच गाडी बाहेर काढून दिली. तेव्हा गाडी बाजाराच्या बाहेरच लावा आणि चाला. वाई चालत बघायचं गाव आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड आळी असे नदीला सात घाट आहेत आणि आळ्यांची नावं घाटांना, की घाटांची आळ्यांना, हा वाद वाईकरांवर सोडावा.

ढोल्या गणपती म्हणजे महागणपतीचं देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर, नानासाहेब पेशव्यांचे हे मेहुणे. पैसा कुठून आला हा प्रश्न पडायला नको. एवढ्या मोठ्या मूर्तीपुढे माणूस आपोआप मान वर करतो, पण दर्शन झाल्यावर देवळाच्या मागे जा. मागची भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती होत नदीकडे टोक काढलेलं आहे. नावेचं नाक पाणी कापतं तसं पुराचं पाणी या टोकावर फाटून दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून ही रचना. भिंतीवर मधून मधून पाण्याने काळे-करडे पट्टे पडलेत. लेकीने हात वर करून पट्टा गाठायचा प्रयत्न केला, मग उडी मारून केला. गाठला नाही. अडीचशेहून जास्त पावसाळे हे देऊळ नदीच्या तोंडात उभं आहे ते या टोकाच्या जोरावर, आणि समोरून दर्शन घेऊन जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

शेजारचं काशी विश्वेश्वराचं देऊळ त्याच्याही आधीचं, १७५७ चं, आनंदराव रास्त्यांचं. याला तटासारखी भिंत आहे, आत दीपमाळा आणि काळ्या गुळगुळीत दगडाचा नंदी. दुपार इथेच काढा. मंडपात दगड गार असतो आणि गर्दी गणपतीलाच अडकलेली असते. आईने डब्यातल्या दशम्या आणि लसणाची चटणी बाहेर ओट्यावर बसून खाल्ली आणि आत येऊन खांबाला टेकून झोपली. आम्ही दोघं बाजारात मिसळ खाऊन आलो. मिसळ बरी होती. दशम्या चांगल्या होत्या.

चार वाजता आईने एक हट्ट केला. तिला विश्वकोशाचं कार्यालय पाहायचं होतं. आमच्या घरी त्याचे खंड कपाटाच्या वरच्या फळीवर असायचे आणि वडिलांशी वाद झाला की खुर्ची लावून ते काढले जायचे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, आणि तो मुंबई-पुण्यात नव्हे, या गावात तयार झाला. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्याच प्राज्ञपाठशाळेत घडलेले. नारायणशास्त्री मराठ्यांनी ती १९१६ मध्ये काढली. पुढे ते केवलानंद सरस्वती झाले. लक्ष्मणशास्त्री जोशींना १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मराठीतला पहिला. गंगापुरीत गेलो तर रविवार, फाटकाला कुलूप. आईने कुलूप पाहिलं, पाटी सावकाश वाचली आणि समाधानाने म्हणाली, "चला, पाहिलं." तुम्हाला आत जायचं असेल तर कामाच्या दिवशी या. रविवारी येऊन कुलूप बघण्यात सगळ्यांनाच आईसारखं समाधान मिळेल असं नाही.

कधी जावं? ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. माघापासून घाटाघाटांवर कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. अफझलखानाच्या संकटात केलेल्या नवसातून ते सुरू झाले असं सांगतात. तेव्हा गर्दी असते, पण घाट खरा तेव्हाच भरलेला दिसतो. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीची यात्रा असते, तिकडे जायचं नसेल तर ते दिवस टाळा. मे महिन्यात याल तर पायमोजे आणा. थट्टा करत नाही. आणि नदीकडून फार अपेक्षा ठेवू नका. गावापाशी कृष्णेत निर्माल्याच्या पिशव्या असतात, जलपर्णी असते, काही ठिकाणी नाकाला रुमाल लावावा लागतो. फोटोत हे येत नाही. पोहण्याची सोय म्हणून तर या पाण्याकडे पाहूच नका.

वेळ उरला म्हणून पाचगणीला वर चढू, हा मोह सगळ्यांना होतो. बारा किलोमीटरच तर आहे. चढलात की सूर्यास्त वर होतो, आणि जो पाहायला आलात तो घाट अंधारात जातो. आम्ही साडेपाचला गणपती घाटावर बसलो. दगड दिवसभराचं ऊन धरून कोमट झालेला होता. पलीकडच्या काठावर एक जण सायकल धूत होता आणि त्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता.

निघताना आईने बाजारातून वाईची हळद घेतली, अर्धा किलो, वास घेऊन, तिसऱ्या दुकानात पसंत करून. सातला गाव सोडलं. परतीची वाट खंबाटकीच्या बोगद्यातून आहे, बोगद्यातून बाहेर पडल्यावर उताराला वेग आवरा, तिथले अपघात कुप्रसिद्ध आहेत. रविवारी रात्री खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग लागतेच, तासभर जास्तीचा धरून घरी फोन करा.

घरी पोचल्यावर डिकी उघडली तर सगळं ओलं. धोमला, जिथे पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ दिसलं, तिथे आईने माझ्या नकळत एक बाटली कृष्णेच्या पाण्याने भरून घेतली होती आणि वाटेत तिचं झाकण ढिलं झालं. हळदीची पुडी कागदी. डिकीतला गालिचा अजून पिवळा आहे. तेव्हा पाणी आणणार असाल तर घट्ट झाकणाची बाटली न्या, आणि हळद पुढच्या सीटवर ठेवा.