झील कशासाठी?

प्रयोग संपला की आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये चहा होतो आणि चहाबरोबर हा प्रश्न येतोच: "ताई, सगळ्या एकदम का बोलतात? एखादीला मुख्य भूमिका द्या ना. एकीची कहाणी असली की माणूस रडतो तरी." परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी चहावर न भागवता लिहून काढते.

आम्ही करतो ते नाटक प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचं, 'ट्रोजन विमेन', इसवी सनापूर्वी ४१५ सालचं. ट्रॉय शहर ग्रीकांच्या हाती पडलंय, पुरुष मेलेत आणि कुठली बाई कुणाच्या वाट्याला जाणार याचा निवाडा चाललाय. काही महिन्यांपूर्वीच अथेन्सच्या सैन्याने मेलोस बेटावरचे पुरुष मारून बायकामुलं गुलाम केली होती, आणि नाटक बघायला बसले होते ते अथेन्सवालेच. बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं ज्याला मिळालं त्याचं नाटक आज शिल्लकही नाही!

२०१३ साली सीरियातून पळून आलेल्या बायकांनी जॉर्डनमध्ये, अम्मानला, हेच नाटक अरबीत केलं. दिग्दर्शक ओमर अबुसादा, तोही सीरियाचाच. बहुतेकींनी आधी कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं. स्वतःच्या आठवणी त्यांनी युरिपिडीसच्या ओळींत मिसळल्या. सगळ्या शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. कुणाच्या घरून नको म्हणाले, कुणाला तिकडे मागे राहिलेल्यांची धास्ती. यास्मिन फेद्दाच्या 'क्वीन्स ऑफ सीरिया' या माहितीपटात ते सगळं आहे. तो पाहिला तेव्हा निम्मं उत्तर मिळालं. जिचा भाऊ अजून तिकडे आहे, ती एकटी उभी राहून काय बोलणार? वीस जणींच्या तोंडून आलं की कुठलं वाक्य कुणाच्या घरातलं, ते बाहेरच्याला कळत नाही.

उरलेलं निम्मं तालमीत कळलं. एकटी नटी हुंदक्याने थांबली तर प्रसंग थांबतो, आणि मग प्रेक्षक तिच्याकडे बघत बसतात, दया करत. पोवाड्यात शाहिराचा दम संपतो तिथे मागे साथ धरणारे झीलकरी 'जी जी' उचलतात ना, तसं आमचं चालतं. एकीचा श्वास तुटला की शेजारची ओळ तोलून धरते. तुटलेलीने दोन ओळी गप्प राहावं, नाक पुसावं, परत यावं. वॉर्सामध्ये मार्ता गुर्नित्स्का २०२३ पासून युक्रेन, बेलारूस आणि पोलंडच्या एकवीस बायकांचा असाच वृंद करते. त्यात शाळकरी मुलीपासून आजीपर्यंत सगळ्या आहेत. मार्ता स्वतः प्रेक्षकांत उभी राहून हातांनी इशारे देते. ती युक्ती मी सरळ उचलली.

बाकी आमची दुःखं फारच घरगुती. "माझं घर जळलं" ही ओळ तीन आठवडे बसेना. ग्वाल्हेरच्या मराठीचं हे असं: निम्म्या जणी 'जळलं'मधला ज 'जीवन'सारखा म्हणतात. एकटीने म्हटलं तर खपतं, चौदा जणींनी म्हटलं की भांडी पडल्यासारखं ऐकू येतं.

मध्ये एक प्रवेश पानिपताचा आहे. तो मी घातला, त्यावरही नाकं मुरडली गेली. १७६१ च्या जानेवारीत फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते. वाचलेली माणसं सूरजमल जाटाच्या आसऱ्याला गेली, मग आमच्या या वाटेने दक्षिणेकडे. पेशव्यांना मिळालेल्या निरोपात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्द्याची गणती नाही. त्या खुर्द्यात बायका धरल्या होत्या का, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, आणि मीही तीस वर्षं शाळेत शिकवताना कुणाला सांगितलं नाही.

यामुळे मन हलकं होतं का, असं विचाराल तर मला ठाऊक नाही. 'थेरपी' वगैरे शब्द मी मंडळात येऊ देत नाही. आमच्यात एक सिंधी मावशी आहेत, सहा वर्षांच्या असताना कराचीहून आलेल्या. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. तालमीत मी त्यांच्या मागे उभी असायची, म्हणून कधी लक्षात आलं नाही. तिसऱ्या प्रयोगाला प्रेक्षकांत उभी होते. बोटीच्या ओळीवर, ट्रॉयच्या बायका जहाजांकडे जातात तिथे, मावशींचे ओठ नीट हलत होते, मात्रा चुकत नव्हती आणि गळ्याची शीर जागची हलत नव्हती. आवाज नव्हताच. पहिल्या दिवसापासून नसावा.

मी काही विचारलं नाही. पुढच्या प्रयोगाला त्या ओळीवर हात जरा वर धरला, बाकीच्या तेरा जणींनी आवाज चढवावा म्हणून.