आमची वाटचाल : दार आधी, भिंत मागून

बँकांच्या स्ट्राँगरूमची दारं, तिजोऱ्या आणि लॉकर यांची दुरुस्ती हे आमच्या फर्मचं काम. धंद्यातली मी तिसरी पिढी. मुलूख मुंबईचा फोर्ट, आणि तिथेही आमचे पाय सगळ्यात जास्त वेळा लागले ते हॉर्निमन सर्कलजवळच्या एका जुन्या दगडी बँकेला. इमारतीचं नाव लिहीत नाही. ज्याची तिजोरी उघडायची त्याचं नाव बाहेर घ्यायचं नाही, हा आजोबांचा दंडक.

आजोबा फिटर. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ते एका उस्तादाच्या हाताखाली होते. जहाजावर कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र! आग विझल्यावर जळक्या गोदामांच्या ढिगाऱ्यांतून तिजोऱ्या निघू लागल्या. मालक रडकुंडीला आलेले, ‘आत्ताच्या आत्ता फोडा’ म्हणायचे. उस्ताद हात लावू द्यायचा नाही. लोखंड तापलेलं असताना दार उघडलं की आत हवा शिरते आणि तोवर नुसते करपलेले कागद भपकन पेट घेतात. म्हणून थांबायचं, पत्र्याला तळहात लावून बघायचं, पुन्हा थांबायचं. आजोबांनी पुढे स्वतःचं बाकडं मांडलं तेव्हा हत्यारं उसनी होती, पण हे थांबणं त्यांचं स्वतःचं होतं.

त्या दगडी बँकेत त्यांना पहिल्यांदा बोलावलं ते दार घासतं म्हणून. लोकांना वाटतं, इमारत बांधतात आणि मग तिला दार बसवतात. घराचं तसं असेल. स्ट्राँगरूमची चौकट आधी उभी राहते, भिंत मागून तिच्याभोवती चढते. त्यामुळे दार बदलायचं म्हणजे भिंत फोडायची, आणि तेवढी हिंमत कुठलाच मॅनेजर करत नाही. आमचं पोट त्यावरच चाललंय. दार घासण्याची कारणं दोन. एक तर जमीन बसते. दुसरं, समुद्र जवळ. जुन्या दारांच्या पोटात एक भुकटी भरलेली असे; आग लागली की तिच्यातून वाफ निघायची आणि आतले कागद वाचायचे. पण आपल्या हवेत हीच भुकटी ओल धरते आणि पत्रा आतून खाते. बाहेर पितळ लखलखीत, आत चाळण.

या सर्कलच्या जागी आधी उघडं मैदान होतं, ‘बॉम्बे ग्रीन’. तिथे कापसाच्या गासड्या रचलेल्या असत. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६० च्या दशकात, किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मैदानाभोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती उठल्या. तेव्हाचं नाव एल्फिन्स्टन सर्कल. अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेअरचं वेड शहरभर पसरलं. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले. १८४० ची बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून वाटलेल्या कर्जांत बुडाली. १८६८ मध्ये ती गुंडाळली आणि त्याच वर्षी त्याच नावाने नवी उघडली. तीच पुढे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत गेली आणि १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. आजोबा हे सगळं सांगून शेवटी म्हणायचे, ‘दार चोराला अडवतं, संचालकांना नाही.’

आमच्या इमारतीवरची पाटीही बदलत गेली. मालाड दगडावर जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात. १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारी झाल्या, त्यांत हीही होती. मग गावोगाव शाखा निघाल्या आणि बाबा हत्यारांची पेटी घेऊन एसटीने हिंडू लागले. घरी त्या वर्षांतलं कुणाला फारसं काही आठवत नाही, कारण बाबा घरीच नसायचे.

मी आले ती लॉकरच्या कामाने. ग्राहकाची चावी हरवली की साक्षीदारांसमोर लॉकर ड्रिल करायचा. सुरुवातीला माझ्या मागे डोकावून विचारायचे, ‘मिस्त्री कुठेयत?’ आता विचारत नाहीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा स्ट्राँगरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दिवसात एकदा उघडायचं दार पंधरा वेळा उघडलं जात होतं, आणि दर वेळी कॅशियर आणि मॅनेजर दोघांनी आपापली चावी घेऊन हजर व्हायचं. लिव्हर झिजले, आम्हाला रात्रीचं बोलावणं यायचं. (त्यातलं एका शाखेचं बिल अकरा महिन्यांनी मिळालं. कर्जाचा हप्ता चुकला असता तर त्यांनी इतकं थांबून दाखवलं असतं का?)

१ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. एकाच रस्त्यावर एकाच बँकेच्या दोन शाखा झाल्या आणि आमच्या इमारतीतली हलली. इमारत वारसा यादीत, त्यामुळे दर्शनी भागाला हात लावता येत नाही. नवा भाडेकरू जाहिरातीच्या धंद्यातला. त्याला स्ट्राँगरूममध्ये मीटिंग घ्यायच्या होत्या आणि त्याची अट एकच : हे दार कधीही बंद होता कामा नये. रास्तच आहे. आत माणसं बसलेली असताना कुणी गंमत म्हणून दार लोटलं आणि कड्या पडल्या, तर चाव्या आहेत कुणाकडे?

तीन दिवस लागले. सगळ्या कड्या काढल्या, कुलपाची पेटी रिकामी केली, दार पूर्ण उघडं ठेवून जमिनीत खुंटी ठोकली. काढलेल्या कड्या वर्कशॉपमध्ये गोणपाटात बांधून ठेवल्यात, चिठ्ठीसकट. निघताना भाडेकरू म्हणाला, हँडल तेवढं फिरू द्या, लोकांना फोटो काढायचे असतात. ते फिरतं. वर्षातून एकदा तेल घालायला येऊ, असं बिलाखाली लिहून दिलंय.