तीन तुटकी पाती आणि तेवीस दिवस

पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागरात माझ्या मामांची मासेमारीची होडी असते. तिच्यातील दोन सिलिंडरचे सागरी डिझेल इंजिन कोकणातून जुने घेतलेले असल्यामुळे त्याचे निम्मे आयुष्य खाऱ्या पाण्यात गेले आहे. एप्रिलमध्ये धरणाचे पाणी मागे सरकले, होडी गाळात तळ घासू लागली आणि एका सकाळी तापमानाचा काटा ९५ अंशांच्या पुढे गेला. एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाण्याच्या पिचकाऱ्या पडायला हव्या होत्या, तेथे नुसती पांढरी वाफ येत होती.

बाहेरचे पाणी खेचणारा पंप उघडल्यावर कारण दिसले. रबरी इंपेलरच्या (पाणी पुढे ढकलणाऱ्या फिरत्या चक्राच्या) सहा पात्यांपैकी तीन मुळापासून तुटली होती. नवा इंपेलर बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, असे मी मामांना मोठ्या रुबाबात सांगितले.

त्या अर्ध्या तासाला तेवीस दिवस लागले. मुंबईच्या एका विक्रेत्याला फोन केला, तर त्याचे एकच पालुपद, "साहेब, पार्ट नंबर सांगा, बाकी काही सांगू नका." आमच्या पंपावरील पट्टीचे अक्षर गंजाने खाल्लेले आणि उरलेले आधीच्या मालकाने रंगाखाली गाडलेले. फोटो पाठवल्यावर पहिला इंपेलर आला, तो दातेरी शाफ्टचा (फिरत्या दांड्याचा) निघाला. आमच्या शाफ्टला एकच चावी, म्हणजे इंपेलर अडकवणारी धातूची पट्टी, आहे. परत पाठवण्याचा खर्च अर्थातच आमचा. दुसरा शाफ्टवर नीट बसला, पण तीन मिलिमीटर जास्त रुंद असल्यामुळे पंपाचे झाकण मिटेना, आणि तक्रार केली तेव्हा "रबरच आहे, घासून घ्या" असे उत्तर मिळाले. कुरिअर पैठणला पोहोचवत नव्हते, म्हणून प्रत्येक पार्सलसाठी मला पन्नास किलोमीटरवर संभाजीनगरला जावे लागले. शेवटी गावातल्या लेथवाल्या मिस्त्रींनी जुना इंपेलर हातात घेतला, व्हर्नियर लावला आणि बाहेरचा व्यास, रुंदी, मधल्या छिद्राचा व्यास, चावीच्या खाचेची रुंदी व पात्यांची संख्या एका चिठ्ठीवर लिहून दिली. त्या चिठ्ठीचा फोटो पाठवताच विक्रेता म्हणाला, "हे आधीच सांगायचं ना!" पाच मोजमापे त्याने पहिल्याच दिवशी विचारली असती तर काय बिघडले असते, हे मला अजूनही समजलेले नाही. आता तो मला रोज न चुकता शुभ सकाळ पाठवतो.

येथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : पंपाला हात लावण्यापूर्वी तळाचा पाणी घेण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा. मी तो विसरलो होतो आणि "आरं, पाणी यायलंय ना आत!" असे मामा ओरडले तेव्हा पाय घोट्यापर्यंत भिजले होते. इंपेलर बसवताना ग्रीस लावू नये, कारण त्यातील तेलाने रबर फुगते. ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी पुरते.

तिसरा इंपेलर बसूनही वेग वाढवला की काटा ९२ वर जाई. तुटलेली तीन पाती गेली कोठे, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. दोन तुकडे हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनाचे आतले पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी नळ्या अडवून बसलेले सापडले आणि तिसरा नळीच्या कोपऱ्यात. झाकण उघडलेच होते, म्हणून नळ्यांतील चुन्याचा थरही पाहिला. इंजिनात आतल्या आत फिरणाऱ्या पाण्याच्या बंद फेऱ्यात कोणीतरी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले होते आणि त्याचा थर नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला धरला होता. गाभा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, नळ्यांच्या आतून बांबूची बारीक काडी फिरवली (पोलादी तार घातली तर नळीच फाटते) आणि रेडिएटरवाल्याकडून हवेच्या दाबाने गळती तपासून घेतली. आता आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे असते. एक्स्चेंजरमध्ये स्वतः झिजून बाकीच्या धातूला गंजण्यापासून वाचवणारी जस्ताची कांडी असते, पण ती गोड्या पाण्यात फारशी झिजत नाही, म्हणजे राखणही करत नाही. तेथे मॅग्नेशियमची लागते.

काटा ८० वर स्थिरावला आहे. मिस्त्रींची चिठ्ठी मामांनी इंजिनाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली असून रुंदीच्या आकड्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या आहेत.