टायरचा पिवळा दिवा आणि गाडीत नसलेला सेन्सर

"मॅडम, सेन्सर गेलाय. साहेबांना एकदा विचारून घ्या, मग ऑर्डर टाकतो."

गाडी माझ्या नावावर, हप्ते मी फेडले, चालवते मी, आणि विचारायचं साहेबांना! असो. ज्यांच्या डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी झाल्याचा तो नालेसारखा पिवळा दिवा, मधे उद्गारचिन्ह असलेला, लागून बसलाय आणि जात नाहीये, त्यांच्यासाठी लिहितेय. रागही आहेच त्यात.

डिसेंबरातली सकाळ, कोथरूडमध्ये चांगलीच थंडी, गाडी सुरू केली आणि दिवा लागला. थंडीत हे होतंच. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दीड-पावणेदोन पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) कमी दाखवते, आणि पुण्यात त्या दिवसांत पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा-अठरा अंशांचा फरक सहज असतो. पेट्रोल पंपावर हवा भरली. तिथे हवा फुकट असते, दहा-वीस रुपये हातावर ठेवायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दिवा गेला नाही. पुन्हा भरली, तरी नाही. म्हणून सर्व्हिस सेंटर.

आता तिथली गंमत. सोफा, एसी, मशीनची कॉफी, आणि काचेपलीकडे माझी गाडी नुसती उभी. बऱ्याच वेळाने एक मुलगा आत बसला, स्क्रीनवर काहीतरी दाबलं, दिवा गेला. "झालं मॅडम." मी विचारलं, "हवा तपासली का?" तर म्हणे "रिसेट मारलाय ना." दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर वारज्याच्या पुलाखालीच दिवा पुन्हा हजर. परत गेले. या वेळी ॲडव्हायझर स्वतः आले आणि वरचं वाक्य ऐकवलं. हातात एस्टिमेट: टायरचा दाब बघणाऱ्या यंत्रणेचा (टीपीएमएस) सेन्सर, लेबर, बॅलन्सिंग, खाली टॅक्स. आकडा लिहीत नाही, पुन्हा डोकं फिरेल.

मी एवढंच विचारलं, "कुठल्या चाकाचा गेलाय?"

"ते चेक करावं लागेल."

"चेक न करता गेलाय हे कसं कळलं?"

"या मॉडेलला कॉमन आहे हो, मॅडम."

मग स्कॅनर लावायचं ठरलं. स्कॅनर दुसऱ्या गाडीला लागला होता. मग स्कॅनरवाला जेवायला गेला. मग सिस्टिम स्लो. मी कॉफीवर कॉफी पीत बसले, आणि शेवटी "सोमवारी गाडी सोडून जा" असं ऐकल्यावर चावी मागून घेतली आणि निघाले.

हायवेच्या सर्व्हिस रोडला एक पंक्चरवाले काका बसतात, पत्र्याची शेड, बाहेर रंगवलेला टायर टांगलेला. त्यांना म्हटलं, दिव्याचं सोडा, आधी हवा कुठून जातेय ते बघा. चौघांत डावीकडचं मागचं चाक बरंच खाली होतं. त्यांनी ते काढून पाण्याच्या टाकीत फिरवलं. ट्रेडमध्ये, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात, काहीच नाही, ना खिळा ना स्क्रू. मग व्हॉल्व्ह बोटाने जरासा वाकवला आणि त्याच्या बुडाशी, रबराला गेलेल्या तड्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे टायर रिमवरून सोडवावा लागतो. तो सोडवला, आणि आत बघत काका म्हणाले, "ताई, सेन्सर असता तर इथं व्हॉल्व्हच्या मागं डबी दिसली असती. तुमच्या गाडीला सेन्सर नाहीच."

म्हणजे एस्टिमेट कशाचं होतं, ते तुम्हीच सांगा.

घरी येऊन मॅन्युअल काढलं. टायरचा दाब बघणाऱ्या या यंत्रणेचे प्रकार दोन असतात. एकात प्रत्येक चाकात बॅटरीवर चालणारा सेन्सर असतो, तो रेडिओने दाब कळवतो. अशा गाडीत बहुतेक वेळा स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसतात. त्यातली बॅटरी पाच-दहा वर्षांत संपते, तेव्हा सेन्सर खरोखरच जातो. बिघाड असेल तर गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो. माझा कधी लुकलुकलाच नव्हता. दुसऱ्या प्रकारात चाकात काही नसतं. गाडी एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून चाकांचा वेग मोजते. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, ते इतरांपेक्षा भरभर फिरतं, आणि गाडी ओळखते. रिसेट म्हणजे गाडीला "आत्ता आहे तो दाब बरोबर" असं पढवणं. सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मुलाने गाडीला बसलेला टायरच बरोबर म्हणून पढवला होता!

तेव्हा आधी हवा, शेवटी रिसेट. हवा थंड टायरमध्ये भरायची, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना, किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालवून. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. स्टिकरवर केपीए (दाबाचं दुसरं माप) असेल तर 230 म्हणजे 33 पीएसआयच्या थोडं वर. मागे भरलेली सीट आणि डिकीत सामान असेल तर आकडा वेगळा असतो, तोही तिथेच मिळतो. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना सरसकट 35 मारतो, त्याला आकडा सांगा आणि मीटर स्वतः बघा.

मग गाडी उभी, इग्निशन चालू, सेटिंगमधून टायरचा पर्याय. काही गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली बटण असतं, दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. पण एवढ्याने संपत नाही. गाडीला नवीन दाब शिकायला चालावं लागतं, कुठे वीस मिनिटं, कुठे तासभर, आणि तेही बऱ्यापैकी वेगात. कर्वे रोडच्या गर्दीत हे होणं अशक्य. मी चांदणी चौकातून पौडच्या दिशेने सरळ गेले, पिरंगुटच्या पुढे वळले आणि परत आले. तेव्हापासून दिवा गप्प आहे. त्या एस्टिमेटचा कागद मी जपून ठेवलाय.

हो, राहिलंच. कुणी बॅटरीची वायर काढून लावा म्हणेल, तर नको. हवा त्याने भरत नाही, घड्याळ मात्र पुन्हा लावत बसावं लागतं. टायर बदलले किंवा पुढचे मागे केले तरी माझ्यासारख्या गाडीला रिसेट लागतं. आणि चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरत गेली तर अशा काही गाड्यांना कळतच नाही, म्हणून महिन्यातून एकदा गेजने बघणं आलंच.

स्टेपनीबद्दल तर हा दिवा अवाक्षर काढत नाही. माझ्या स्टेपनीत निम्मी हवा निघाली. ऑक्टोबर 2020 पासून ट्यूबलेस टायर, टायरचा दाब बघणारी ही यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला नियमाने मुभा आहे, त्यामुळे तुमच्या नव्या गाडीत ती नसेलही. मग डिकीतलं किट एकदा उघडून बघा, त्यातल्या पंक्चर बुजवणाऱ्या सीलंटच्या बाटलीवर एक्सपायरीची तारीख छापलेली असते.