फ्रँकफर्टचा डार्ट विश्वचषक : पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

डार्ट म्हणजे गोल फलकावर छोटे बाण फेकण्याचा खेळ. देशोदेशीच्या जोड्यांचा त्याचा विश्वचषक २०२५ मध्ये १२ ते १५ जून या काळात जर्मनीतल्या फ्रँकफर्टला झाला. तो पाहण्यासाठी मी आणि कोथरूडचा माझा भाचा पुण्याहून इतक्या लांब गेलो आणि भारताची जोडी न पाहताच परत आलो. चूक सर्वस्वी आमची होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

स्पर्धेत ४० देश असतात. पहिले ४ मानांकित देश थेट दुसऱ्या फेरीत येतात आणि उरलेल्या ३६ जोड्यांचे तिघातिघांचे १२ गट पडतात, ज्यांतून प्रत्येकी एकच जोडी पुढे जाते. ही गटसाखळी गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारीच उरकते. आम्ही रजा वाचवण्याच्या हिशेबाने शनिवार-रविवारची तिकिटे काढली होती, त्यामुळे शनिवारी सकाळी विमानातून उतरलो तेव्हा भारताचे सामने होऊनही गेले होते. प्रत्येक सत्राचे तिकीट वेगळे असते. आपल्या खेळाडूंसाठी जाणार असाल तर आधी गुरुवार-शुक्रवारची तिकिटे घ्यावीत, बाकीचे नंतर पाहावे.

व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नये. रात्रीचे विमान मुंबईहून असेल तर पुण्याहून दुपारीच निघालेले बरे, कारण जूनमध्ये घाटातल्या पावसाचा भरवसा धरता येत नाही. आणखी एक गोष्ट आम्ही पदरमोड करून शिकलो : डार्ट हातातल्या सामानात चालत नाहीत. भाच्याने आपला आवडता संच पाठीवरच्या पिशवीत ठेवला होता आणि मोठे सामान आधीच देऊन झाले होते. सुरक्षा तपासणीत तो संच सोडून द्यावा लागला, आणि पुढचे साडेआठ-नऊ तास भाचा माझ्याशी फारसे बोलला नाही.

फ्रँकफर्टला विमानतळावरून एस ८ किंवा एस ९ या लोकलने कोन्स्टाब्लरवाखे स्थानकापर्यंत यावे आणि तिथून यू ७ ही मेट्रो धरावी. ‘आइसश्पोर्टहाले’ हेच स्थानकाचे आणि सभागृहाचे नाव. एकदिवसीय पास घेताना तो विमानतळासह आहे ना, हे पाहावे, कारण शहराच्या साध्या पासात विमानतळ येत नाही. स्थानकावर अडवणारे फाटक नसते, पण तिकीट तपासनीस गाडीत येतात आणि दंड ६० युरो असतो.

सभागृह म्हणजे एरवी बर्फावरच्या हॉकीचे मैदान. नाव बर्फाचे असले तरी जूनमध्ये प्रेक्षकांच्या गर्दीत चांगलेच उकडते, म्हणून सुती कपडेच घालावेत. महागड्या जागेचा मोह धरू नये, असे माझे मत आहे. खेळाडू फलकापासून २.३७ मीटरवर उभा राहतो आणि डार्ट बोटाएवढा असतो, त्यामुळे पुढच्या टेबलांवर बसलेली माणसेसुद्धा मान वर करून पडद्याकडेच पाहत असतात.

खरी गंमत जोडीच्या खेळात आहे, आणि ती दूरचित्रवाणीवर मला कधी नीट कळली नव्हती. २०२२ पर्यंत या स्पर्धेत एकेरीचेही सामने होत. २०२३ पासून सगळे सामने दुहेरीचेच आहेत. प्रत्येक डावात लागलेले गुण वजा करत ५०१ वरून बरोबर शून्यावर यायचे, शेवटचा डार्ट दुप्पट गुणांच्या कड्यात किंवा बुलवर, म्हणजे फलकाच्या अगदी मधल्या ठिपक्यावर बसवायचा, आणि जोडीदारांनी आळीपाळीने तीन-तीन डार्ट टाकायचे. म्हणजे आपण ठेवलेला आकडा पुढे जोडीदाराला सोडवायचा असतो. भाचा म्हणाला, “मामा, हे आपल्या कॅरमच्या दुहेरीसारखंच आहे की, समोरच्यासाठी सोंगटी ठेवून द्यायची!” उपमा मला पटली. प्रतिस्पर्धी मागे असतील, तर खेळाडू स्वतः संपवण्याची घाई न करता जोडीदारासाठी ३२ शिल्लक ठेवतो. दुप्पट १६ चुकून साधा १६ लागला तरी दुप्पट ८ उरते, तोही चुकून साधा ८ लागला तर दुप्पट ४. म्हणून ३२ हा सर्वांचा लाडका आकडा. चांगला एकेरी खेळाडू इथे अडखळतो तो याच ठिकाणी.

शनिवारी संध्याकाळी त्याचे उदाहरणच पाहायला मिळाले. ल्यूक हम्फ्रीज आणि जगज्जेता ल्यूक लिटलर यांची इंग्लंडची जोडी जर्मनीच्या मार्टिन शिंडलर आणि रिकार्डो पिएट्रेच्को यांच्याकडून ८-४ अशी हरली. तेव्हा प्रेक्षकांनी केला तसा गजर मी गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच ऐकला आहे. रविवारी अंतिम सामन्यात जॉश रॉक आणि डॅरिल गर्नी यांच्या उत्तर आयर्लंडने वेल्सला १०-९ असे हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. अखेरच्या डावाच्या वेळी सबंध सभागृह उभे होते.

खाण्यापिण्याची सोय शनिवारीच करून ठेवावी, कारण रविवारी जर्मनीत बहुतेक दुकाने बंद असतात. मुख्य रेल्वे स्थानकातली काही तेवढी उघडी मिळतात. भाच्याला नवे डार्ट घ्यायचे होते, ते सोमवारी विमानाची वेळ होण्याआधी धावतपळत घेतले आणि या खेपेस न विसरता मोठ्या पेटीत टाकले.