चौथा टप्पा

जिल्हा चौथ्या टप्प्यात ठेवायचा की पाचव्या, एवढाच प्रश्न त्या दिवशी आमच्यासमोर होता. आयपीसी या अन्नसंकटाची तीव्रता पाच चढत्या टप्प्यांत मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पाचवा टप्पा, म्हणजे दुष्काळ, ठरवण्यासाठी तीन निकष लागतात: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची वानवा, किमान ३० टक्के बालकांत तीव्र कुपोषण आणि दररोज दहा हजार लोकांमागे किमान दोन मृत्यू. पहिले दोन निकष ओलांडले गेले होते. तिसऱ्याची आकडेवारीच नव्हती, कारण मृत्यूंची नोंद घेणारी पथके लढाईमुळे गावांपर्यंत पोहोचू शकली नव्हती.

कुटुंबांच्या मुलाखती तपासण्याचे काम माझ्याकडे होते. या कामात सर्वांत फसवे असते ते नकारार्थी उत्तर. गेल्या तीस दिवसांत जनावरे विकली का, बियाण्यासाठी राखलेले धान्य खाल्ले का, असे विचारल्यावर अनेक कुटुंबे ‘नाही’ म्हणतात आणि घाईत असलेला प्रगणक तशी खूण करून पुढे जातो. परंतु विकायला जनावरच उरलेले नसेल, तर ते उत्तर ‘गरज पडली नाही’ या रकान्यात न जाता ‘आधीच विकून संपले’ या रकान्यात जायला हवे. हा एक रकाना चुकला, की सर्वस्व गमावलेले कुटुंब कागदावर सुस्थितीतले दिसू लागते. येथील प्रगणकांनी प्रत्येक नकारामागचे कारण विचारून नोंदवले होते. गोळीबाराच्या पल्ल्यात राहून इतके काटेकोर काम करणाऱ्या या माणसांचा अहवालात एका ओळीनेही उल्लेख होत नाही, हा मला अन्याय वाटतो.

बाजाराचा तक्ता पाहिल्यावर मी अधिकच अस्वस्थ झाले. बाजारात धान्य होते. मात्र एका शेळीच्या मोबदल्यात पूर्वी मिळे त्याच्या निम्मेही धान्य मिळत नव्हते, मजुरी बंद पडली होती आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला नाक्यानाक्यावर वसुली द्यावी लागत होती. अन्न असूनही ते मिळवण्याची ऐपत आणि हक्क हिरावला गेल्यामुळे माणसे उपाशी मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या अभ्यासातून दाखवून दिले होते. तरीही मदतीची चर्चा आजही किती टन धान्य पाठवायचे यापासूनच सुरू होते. आम्ही रोख मदतीची शिफारस केली, पण नाके उठले नाहीत तर त्या रोख रकमेने केवळ भाव चढतील, हेही त्यात लिहिले.

बैठकीतला खरा वाद मृत्यूंवरून झाला. दोन निकषांचा भक्कम पुरावा असेल आणि तिसराही ओलांडला गेला असावा असा साधार निष्कर्ष निघत असेल, तर दुष्काळाचे वर्गीकरण करण्याची तरतूद नियमावलीत आहे. आमच्याकडे आरोग्यसेविकांच्या वह्या होत्या, नव्या कबरींच्या नोंदी होत्या. परंतु निर्णय सहमतीने होतो, आणि स्थानिक प्रशासनाच्या प्रतिनिधीने त्या वह्या पुरावा म्हणून मानण्यास ठाम नकार दिला. सावधगिरीच्या नावाखाली दोन अनुभवी सहकारी गप्प राहिले. तो मला भित्रेपणा वाटला. अखेर ‘चौथा टप्पा, दुष्काळाचा धोका’ अशी नोंद झाली.

सोमालियात जुलै २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. त्या संकटात सुमारे २,५८,००० माणसे दगावल्याचा अंदाज नंतर प्रसिद्ध झाला आणि त्यांतील फार मोठा वाटा त्या घोषणेपूर्वीच मरण पावला होता. त्यामुळे मोठा निधी पाचव्या टप्प्याची वाट पाहतो, ही पद्धतच मला अमान्य आहे. तातडीची कृती तिसऱ्या टप्प्यातच अपेक्षित असते, कारण तेव्हा विकायला शेळी आणि पेरायला बियाणे शिल्लक असते. ठरलेला निर्देशक ओलांडताच निधी मोकळा करणाऱ्या योजना आज आहेत, पण त्यांतील बहुतेक पाऊस आणि पूर मोजतात. बंद रस्ता मोजत नाहीत. उपासमारीचा युद्धातील शस्त्र म्हणून वापर करण्याचा निषेध सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्ये ठराव २४१७ द्वारे केला आहे, तर अडवलेल्या ट्रकांची नोंद हासुद्धा निधी मोकळा करणारा निर्देशक का नसावा?

माझी असहमती मी बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवली आहे. रस्ता अडवून ठेवणाऱ्या प्रशासनाच्या प्रतिनिधीला त्याच रस्त्यापलीकडच्या मृत्यूंवरील निर्णयात नकाराधिकार असू नये, हा प्रस्तावही मी नियमावलीच्या पुढील सुधारणेसाठी लेखी पाठवला आहे.